वर्गातल्या पोरांचं आतून काय चाललंय, हे शाळेनं ओळखायचं कसं?

आठवीची_बाई | १ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ५८ मुलं. निम्म्याहून जास्त घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची सरमिसळ.

गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये ठरलं की रोज पहिल्या तासाला प्रत्येक मुलानं शाळेच्या टॅबवर एक चेहरा निवडायचा. हसरा, साधा किंवा रडका. महिनाअखेरीला त्याचा तक्ता काढायचा. हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिले चार दिवस ५८ पैकी ५८ चेहरे हसरे आले.

त्या ५८ मध्ये तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आहे. ती हसरा चेहरा दाबते आणि दुसऱ्या तासाला वहीवर डोकं टेकते. रोज नाही, अधूनमधून. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची कड तपकिरी आहे, तंबाखूची. हाक मारली की दचकून उठते, "झोपले नाही बाई" म्हणते, आणि गालावर वहीच्या स्प्रिंगचे वळ स्पष्ट दिसत असतात. गेल्या वर्षी हीच मुलगी वर्गात चौथी होती. यंदा पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ३.

मला विचारायचंय ते हे: मूल बरं आहे की नाही हे तुम्ही कशावरून ओळखता? ते लिहून ठेवता का? ठेवलं तर कोणाला दाखवता? आणि कळल्यावर पुढे काय करता? शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनीच सांगा.

हजेरीपट | १ ऑगस्ट, रात्री ११:०५

बाई, मी ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. टॅब नव्हता, पण हजेरीपट होता, आणि तो नीट बघितला तर पुष्कळ बोलतो. किती दिवस गैरहजर हे सगळेच मोजतात. कोणत्या वारी, कोणत्या तारखेला हे बघायची सवय लावा. माझ्याकडे एक मुलगा दर आठवड्याला एकाच वारी यायचा नाही. वडिलांचा आठवड्याचा पगार आदल्या संध्याकाळी व्हायचा, आणि त्या रात्री घरात काय चालायचं ते मला दीड वर्षानं कळलं. वार माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या महिन्यापासून होता. ती खंत अजून गेलेली नाही.

दुसरं म्हणजे अक्षर. नीट लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर एकाएकी ओळ सोडायला लागलं की समजा, काहीतरी बिनसलंय. तिसरं, मधल्या सुट्टीत कोण कुणाशेजारी डबा उघडतं. रोजची जोडी फुटली तर का फुटली ते विचारा. आणि सारखं "बाई, पोटात दुखतंय" म्हणणारं मूल.

एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक मुलाला एक पान. रोज भरायची गरज नाही. काही दिसलं तरच तारीख आणि एक ओळ.

धोटेवाला | २ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मी शिक्षक न्हाई, बाप हाय. अक्कलकोट रोडला मागावर काम करतो. मला ही लिहायची गोष्ट पटत न्हाई, स्पष्टच सांगतो.

माझा पोरगा सहावीत असताना त्याच्या डायरीत बाईंनी लिहून पाठवलं, "घरात मुलाकडे लक्ष दिले जात नाही." मला पाळीवरून बोलावून घेतलं, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. स्टाफरूममध्ये पाच-सहा शिक्षक बसलेले, सगळ्यांसमोर मला विचारलं, घरात भांडणं होतात का? मी काय सांगणार? घरी येऊन पोरावर हात उचलला. तेव्हा त्याची आजी वारली होती, म्हणून तो गप्प असायचा. मला ठाऊक होतं, पण त्या रागात सुचलंच न्हाई. आज तो एकोणीस वर्षांचा हाय, तरी ती संध्याकाळ आठवली की जीव कासावीस होतो.

घरचं शाळेच्या कागदावर गेलं की ते कोण-कोण वाचणार? या बाईंच्या वर्गातली पोरगी विड्या वळती हे वहीत आलं, उद्या कुणी साहेब आला आणि वाचलं, तर आईला त्रास. याचं उत्तर आधी द्या.

शेंगाचटणी | २ ऑगस्ट, सकाळी ९:१०

दादांचा मुद्दा सोडू नका. मीही तेच म्हणणार होते.

कंबरतलाव | २ ऑगस्ट, दुपारी १:३०

सोलापूरचीच, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माहितीच्या सुरक्षिततेचंच काम करते म्हणून लिहिते.

कायद्याच्या नजरेतून दादांची शंका रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय, आणि त्याची माहिती हाताळायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे. शाळांना मुलांच्या सुरक्षिततेपुरती आणि शिक्षणापुरती काही सूट आहे. पण कोणत्या तरी कंपनीच्या फुकट ॲपवर ५८ मुलांच्या मनाची रोजची नोंद जात असेल, तर बाई, ती कुठे साठते, किती दिवस राहते आणि कोण उघडू शकतं, हे तीन प्रश्न मीटिंगमध्ये विचाराच.

आता चेहऱ्यांबद्दल. या क्षेत्रात नावाजलेली साधनं रोज भरायची नसतात. 'स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज' नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात, रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी १९९७ साली मांडलेली. तिच्यात २५ विधानं आहेत, पाच-पाचचे पाच गट. भावना, वर्तन, चंचलपणा, मित्रांशी जमणं, आणि पाचवा गट मुलाच्या चांगुलपणाचा, म्हणजे दुसऱ्याला मदत करणं, वाटून खाणं. ती गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते. पालक भरतात, शिक्षक भरतात, आणि अकरा वर्षांपुढचं मूल स्वतःही भरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी यादी आहे, ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. रोज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मित्र शेजारून डोकावत असताना दाबलेल्या चेहऱ्यातून यातलं काही मिळत नाही.

आणि हजेरीपट सर, तुमचं पोटदुखीचं निरीक्षण त्या २५ मधलं एक विधानच आहे: डोकं दुखणं, पोट दुखणं अशी वारंवार तक्रार.

पद्मशाली_गल्ली | २ ऑगस्ट, दुपारी ३:००

पोटदुखीवरून आठवलं. आमच्या घरात "मला उदास वाटतंय" असं तेलुगूत कुणी म्हणल्याचं मी लहानपणी ऐकलंच नाही. वाईट वाटलं की "कडुपु नोप्पी", पोटात दुखतंय. मग अम्मा ओवा द्यायची आणि जवळ घेऊन बसायची. मला वाटतं निम्मं दुखणं त्या जवळ बसण्यानंच जायचं. शाळेत मात्र मराठीत सांगायचं म्हणजे आधी मनात शब्द जुळवायचे, तोवर बाई पुढच्या बाकावर.

विजापूर_वेस | २ ऑगस्ट, दुपारी ३:२५

आमच्याकडे "दिल घबरा रहा है" म्हणतात, आणि घरचे सरबत करून देतात. उर्दू माध्यमातल्या बाईंना ते लगेच कळतं, इंग्रजी माध्यमातल्या मिसना नाही. माझ्या भाचीनं मिसला "माय हार्ट इज पेनिंग" सांगितलं, तिला थेट डॉक्टरकडे ईसीजीला नेलं. घाबरून दोन दिवस पोर जेवली नाही.

होटगी_रोड | २ ऑगस्ट, दुपारी ४:०२

कन्नडमध्येही "होट्टे नोवु", पोटच. चार भाषांच्या गावात पोरांचं दुखणं एकाच जागी आहे.

पद्मशाली_गल्ली | २ ऑगस्ट, दुपारी ४:१५

आणि ते सगळं बरं होतं जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागले की! (विषयांतर झालं, बाई. पुढे चालू द्या.)

कोपीवरचा_मास्तर | ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

मी जिल्हा परिषदेचा, पंढरपूर तालुक्यात. आमच्या शाळेपासून साखर कारखाना जवळ आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या पडतात, आणि मार्चपर्यंत माझ्या वर्गात दहा-बारा नवी पोरं असतात. त्यांच्याकडे शिक्षण हमी पत्रक, म्हणजे गाव सोडताना आधीच्या शाळेनं दिलेला कागद, असलंच तर त्यात वाचन कोणत्या पातळीवर, गणित कोणत्या पातळीवर ते असतं. हे पोरगं अंधाराला घाबरतं, याला धाकट्या बहिणीला सोबत घेऊन बसू द्या, याच्यावर ओरडलं की दोन दिवस बोलत नाही, हे कुठंच नसतं. ते आधीच्या गावच्या शिक्षकाला नक्की माहीत असतं. मी आता फोन करतो. पत्रकावरचा शाळेचा पत्ता बघून नंबर शोधतो आणि विचारतो, "सर, याच्याबद्दल दोन गोष्टी सांगा." आजवर एकाही शिक्षकानं टाळाटाळ केली नाही.

पण कळकळीनं सांगतो, शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक पोर्टल नको. सरल झालं, यूडायस झालं, अपार झालं, पोषण आहाराची रोजची संख्या आहेच. मी जेव्हा मोबाइलवर माहिती भरत असतो, तेव्हा पोरगं माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं आणि परत जातं. ते काय सांगायला आलं होतं हे मला कधीच कळत नाही.

दहावीची_आई | ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

जुळे सोलापूर. आमच्याकडे विडी नाही, माग नाही, घरात पाण्याची टाकी आहे, मुलाला स्वतंत्र खोली आहे. तरी तो मार्चपासून रात्री नीट झोपत नाही. शाळेत तुकड्या टक्क्यांवर पाडल्यात. चाचणी झाली की यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर, वरून खाली. माझा मुलगा शेवटच्या दहात असतो आणि ती यादी दीडशे पालक वाचतात. फक्त गरीब घरातल्या मुलांचाच हा प्रश्न आहे असं कृपा करून समजू नका.

ऐकणारी | ४ ऑगस्ट, दुपारी १२:५०

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. सगळं वाचलं. लांब लिहिते, पण प्रत्येक मुद्द्याला हात घालते.

दहावीच्या ताई, आधी तुम्हाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत मुलांना लाज आणणं यापासून संस्थांनी दूर राहावं असं त्यात स्पष्ट आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण वर्षातून निदान दोनदा. ते निर्देश छापून घेऊन शाळेत जा, एकट्या नको, दोन-तीन आया मिळून जा. आणि मुलाची झोप मार्चपासून गेली असेल तर आता थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तेलुगू, कन्नड, उर्दूतही. पालकांनीही लावावा. देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात सर्वांत जास्त आपल्या राज्यातले होते. म्हणून "वयच तसं आहे" म्हणून सोडून देऊ नका, एवढंच सांगते.

धोटेवाले दादा, तुमच्या बाबतीत जे घडलं ती शाळेची चूक होती. "घरात लक्ष नाही" हा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. नोंद म्हणजे डोळ्यांना दिसलेलं. "आज डबा उघडला नाही." "तीन दिवस कुणाशी बोलला नाही." निष्कर्ष लिहिला की समोरच्याला आपली बाजू मांडावी लागते. दिसलेलं सांगितलं तर तो स्वतःच म्हणतो, "हो, त्याची आजी गेली." आणि पालकाला बोलवायचं ते स्टाफरूममध्ये नाही. त्याची पाळी सुटल्यावर, एका खुर्चीसमोर दुसरी खुर्ची ठेवून.

बाई, वही जरूर करा, ती कपाटात कुलपात ठेवा. नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहा. वर्ष संपलं की पुढच्या वर्गशिक्षकाला तोंडी सांगा, वही फाडून टाका. मुलीशी बोलताना "का झोपतेस?" असं विचारू नका, त्या "का"मध्ये आरोप ऐकू येतो. "काल रात्री कसं-कसं झालं, सांग बरं" असं विचारा, आणि हाताला काहीतरी काम द्या. वह्या लावताना, फळा पुसताना मुलं जास्त बोलतात. घरी कुठल्या भाषेत बोलते त्या भाषेत उत्तर दिलं तरी चालेल म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्तता ठेवता येत नाही. मुलाला धोका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. त्याऐवजी म्हणा, "तुला न सांगता मी कुणाशी बोलणार नाही." हे वचन पाळता येतं.

धोटेवाला | ४ ऑगस्ट, रात्री ८:१५

ताई, लिहिलंत ते दोनदा वाचलं. "चूक शाळेची होती" हे कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं. हात मी उचलला ती चूक माझीच. पण बरं वाटलं.

बॅच_२०१४ | ५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

माजी विद्यार्थी म्हणून एकच सांगतो. आमच्या शाळेत तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी होती. चिठ्ठी टाकायला गेलं की शिपाईकाका, क्लार्क, बाहेर थांबलेले पालक सगळे बघायचे. मला नववीत दोन मोठी मुलं त्रास द्यायची. चिठ्ठी लिहून तीन आठवडे कंपासमध्ये ठेवली होती, घडीवर घडी पडून ती मऊ झाली. टाकलीच नाही. पेटी पाण्याच्या टाकीजवळ असती तर टाकली असती. तिथे प्रत्येकाला जायचंच असतं.

आठवीची_बाई | ५ ऑगस्ट, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आजपासून वही सुरू केली. ती मुलगी आज झोपली होती, पहिली ओळ तीच: "५ ऑगस्ट, दुसरा तास, डोकं वहीवर, सुमारे २० मिनिटं." बाकी काही लिहिलं नाही. तक्रारपेटीचं उद्या मुख्याध्यापकांना सांगते, ते काम लगेच होईल.

आठवीची_बाई | २६ ऑगस्ट, रात्री ११:१५

धागा वर आणते, कारण सांगण्यासारखं घडलंय. मुलीच्या आईला विचारून लिहिते आहे.

वहीत तिच्या पानावर चार ओळी झाल्या होत्या. ५ ऑगस्ट झोपली. १० ऑगस्ट झोपली. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला आलीच नाही. २० ऑगस्टला पुन्हा झोपली. मधल्या दिवसांत एकदाही नाही. मी विडीकामाचा संशय घेऊन बसले होते, पण विड्या रोज वळल्या जातात. मग पाचव्याच दिवशी झोप का?

ऐकणारी ताईंनी सांगितलं तसं तिला वह्या लावायला थांबवलं आणि म्हटलं, परवा रात्री कसं-कसं झालं ते सांग, तेलुगूत सांग. तिनं वह्यांच्या कडा जुळवत जुळवत, माझ्याकडे न बघता सांगितलं. पाणी आलं होतं.

मंडळी, त्यांच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं, हल्ली रात्री अडीचच्या सुमाराला. नळ खाली, घर वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या. वडील रात्रपाळीला. आईची कंबर धरलेली, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसल्यानं वाकता येत नाही. जूनपर्यंत मोठी बहीण भरायची, तिचं लग्न झालं. आता ही तेरा वर्षांची पोर अडीच ते पाच घागरी वर नेते, आणि सातला शाळेत येते. नखाला तंबाखू लागते ती आईला पानं कात्रून द्यायला बसते तेव्हाची. तेही व्हायला नकोच, त्याबद्दल आईशी वेगळं बोलले. पण झोप त्यामुळे नव्हती.

मी आईला भेटायला संध्याकाळी घरी गेले, आधी विचारून. मी सांगितलं, पाचव्या दिवशी हिला झोप येते. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला आमचा पाण्याचा दिवस ठाऊक नव्हता?" मला खरंच ठाऊक नव्हता. मी सात वर्षं या शाळेत आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करायला लावले. त्याच रात्री पाणी येणाऱ्या भागातली ११ मुलं निघाली. सात मुली, चार मुलगे. त्यातल्या नऊ जणांना उठून भरावं लागतं. वर्गाच्या दोन चाचण्या नेमक्या १० आणि २० तारखेला झाल्या होत्या.

आत्तापर्यंत झालं ते असं. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी आठवीत चाचणी ठेवायची नाही, हे मुख्याध्यापकांनी मान्य केलं. त्या दिवशी पहिला तास खेळाचा होता, तो शेवटी नेला. पहिल्या तासाला ज्याला झोप येते त्यानं ग्रंथालयात चटईवर पडायचं, कुणी काही म्हणणार नाही. काल २५ तारखेला पाच जण झोपले. ती अर्ध्या तासानं आपणहून उठून वर्गात आली. चेहऱ्यांचा टॅब सध्या बंद आहे, वही चालू आहे. शेजारच्या बाईंनी घागरी खालच्या मजल्यावर ठेवू द्यायचं कबूल केलंय, पण मजल्यावर पाणी चढवायचा प्रश्न तसाच आहे. परवा नारळी पौर्णिमा, मार्कंडेयाचा रथ. त्यामुळे घरोघरी गडबड. नंतर पालकांची बैठक घेऊ, आणि संध्याकाळी सातनंतर घेऊ.

हजेरीपट | २७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

बाई, पुढचा दिवस ३० तारखेचा. रविवार आहे. पोर झोपेल पोटभर.

कोपीवरचा_मास्तर | २७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

अकरा जणांत चार मुलगे आहेत हे वाचून थांबलो. मी आमच्याकडे फक्त मुलींनाच विचारत होतो.

धोटेवाला | २७ ऑगस्ट, रात्री ९:३०

बाई, आमच्याकडं शंभर फुटी पाइप पडून हाय, चांगला जाड. आणि अर्ध्या एचपीची मोटर हाय, घर बदललं तेव्हापासून वापरात न्हाई. नळाला थेट लावायची न्हाई, ते चालत न्हाई. खाली पिंप भरून घ्यायचं आणि पिंपातून वर चढवायचं. चौदा पायऱ्या म्हणजे काहीच न्हाई तिला.

पोरीचं नाव सांगू नका, गल्लीपण सांगू नका. शनिवारी माझी पाळी तीनला सुटते. शाळेत आणून ठेवतो, तिथून तुम्ही पोचवा. पिंप हाय का त्यांच्याकडं, तेवढं विचारून ठेवा.